बारा आठवड्यांची सुट्टी, दोन लग्नं आणि ग्रीकची परीक्षा

पत्र : सेमिनरीतलं, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या विद्यालयातलं, माझं दुसरं वर्ष नुकतंच संपलं. बारा आठवड्यांची सुट्टी आहे. पाचव्या आठवड्यापासून तीन आठवडे चार मित्रमैत्रिणींबरोबर प्रवास ठरलाय. दोन जिवलग मैत्रिणींची लग्नं आहेत, त्यातलं दुसरं लग्न सत्र सुरू व्हायच्या तीनच दिवस आधी. मंडळीत (चर्चमध्ये) दोन रविवार संदेश, म्हणजे प्रवचनं, द्यायचे आहेत. प्राध्यापकांनी सहा पुस्तकांची यादी दिली आहे आणि सत्राच्या पहिल्याच दिवशी ग्रीकची परीक्षा आहे. पुढच्या वर्षी हिब्रू सुरू होईल, ती आधीच स्वतः शिकून ठेवावी असं वाटतं. गेल्या सुट्टीत अशीच मोठी यादी केली होती. अभ्यास झाला नाही, आणि मित्रांत असतानाही मन पुस्तकांतच अडकलेलं होतं. प्रार्थनेतही आता लक्ष लागत नाही, बायबलचं वचन वाचायला घेतलं की व्याकरणच दिसतं. काय करू?
— दोन्हीकडे अर्धी

उत्तर :

प्रिय मुली,

तुझ्या यादीत सात गोष्टी आहेत आणि एकीपुढेही आकडा नाही. गेल्या सुट्टीचं काय बिघडलं, ते यातच दिसतं. आधी दिवस मोजू.

बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. प्रवासाचे २१ वजा. लग्नाला जाणं-येणं आणि आदल्या दिवसाची धावपळ धरून प्रत्येकी तीन, म्हणजे ६ वजा. संदेशाच्या तयारीला दोन दिवस आणि तो रविवार, असे दोन संदेशांचे ६ वजा. परीक्षा संपल्यावरचे पहिले सात दिवस अभ्यासाला हातही लावायचा नाही, तेही वजा. राहिले ४४. त्यात आठवड्याला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा धरला की ३८. आता घरची कामं, पाहुणे, ताप-सर्दी आणि अचानक आलेलं बोलावणं. यासाठी चौथा हिस्सा सोडावाच लागतो. जे सोडत नाहीत त्यांचं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात मोडतं. हाती उरले २८ दिवस. सुट्टीत मन लावून रोज तीन तास अभ्यास झाला तर तो भरपूर झाला. म्हणजे तुझ्याकडे ८४ तास आहेत.

हा आकडा पाहून घाबरू नकोस. गेल्या वर्षी तू मनातल्या मनात पाचशे तासांचा अभ्यास ठरवला असणार आणि जो काही झाला तो त्या पाचशेच्या मानाने नगण्य वाटला असणार. या वर्षी ८४ तासांचा हिशेब मांडायचा आहे, आणि तो पुरा होऊ शकतो.

पण नुसता तासांचा हिशेब पुरत नाही, कारण तुझ्या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला वेगळ्या जातीचा वेळ लागतो. भाषेला रोजचा थोडा वेळ हवा; आठ दिवसांचं ग्रीक एका रविवारी बसून भरून निघत नाही. ग्रंथाला सलग दोन तास लागतात, पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत तो डोक्यात उतरत नाही. आणि माणसांना घड्याळाकडे न बघता दिलेला वेळ हवा असतो. तू बहुधा उलट केलंस. ग्रीक एकदम उरकायला बघितलं, ग्रंथ येता-जाता उघडला आणि मित्रांना उरलेला वेळ दिला.

ग्रीक : रोज अर्धा तास, तीन वचनं

बायबलच्या नव्या करारातलं योहानाचं पहिलं पत्र मूळ ग्रीकमध्ये घे. त्याची शब्दसंपत्ती लहान आहे, वाक्यं आखूड आहेत आणि तेच ते शब्द फिरून फिरून येतात. विसरू लागलेल्या ग्रीकला यापेक्षा चांगला व्यायाम नाही. पाच अध्यायांत १०५ वचनं आहेत. पहिल्या चार अध्यायांची वचनं १०, २९, २४ आणि २१, एकूण ८४. तुझे अभ्यासाचे दिवस २८. रोज तीन वचनं घेतलीस की चार अध्याय पूर्ण. पाचव्या अध्यायात २१ वचनं आहेत आणि तुझा प्रवासही २१ दिवसांचा, तेव्हा तो अध्याय प्रवासासाठी ठेव, रोज एक वचन. क्रम मोडला तरी बिघडत नाही, शब्द तेच आहेत.

अर्ध्या तासात काय करायचं? पहिली पाच मिनिटं शब्दांच्या चिठ्ठ्या. नव्या करारात साधारण ५,४०० वेगवेगळे शब्द आहेत, पण ५० किंवा जास्त वेळा येणारे जेमतेम ३१० आणि एकूण मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग तेवढ्यांनीच व्यापलेला आहे. हे शब्द तुझे वर्षभरात होऊन गेले असतील. त्यांच्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे कर : लगेच आठवणारे, अडखळत आठवणारे, न आठवणारे. रोज हात फक्त शेवटच्या दोन गठ्ठ्यांना लावायचा. पहिल्या गठ्ठ्याची उजळणी आठवड्यातून एकदा. पुढची पंधरा मिनिटं वचनांना. आधी दोनदा मोठ्याने वाच. मग क्रियापदांभोवती पेन्सिलीने गोल कर आणि प्रत्येकाचा काळ, प्रयोग, पुरुष आणि एकवचन की अनेकवचन ते लिही. त्यानंतर वहीत स्वतःचं मराठी भाषांतर. त्यापुढची पाच मिनिटं छापील भाषांतराशी ताडून पाहायला. उरलेल्या पाच मिनिटांत कोऱ्या कागदावर एक रूपावली आठवून लिहायची : आज उपपदाची (इंग्रजी ‘द’सारख्या शब्दाची) चोवीस रूपं, उद्या लूओ या नमुन्याच्या क्रियापदाचा वर्तमानकाळ, परवा त्याचाच आओरिस्ट, म्हणजे साधा भूतकाळ.

ग्रीक ओळीखाली अर्थ छापलेली पुस्तकं आणि बोट लावताच व्याकरण सांगणारी ॲप्स मात्र सुट्टीपुरती बंद ठेव. ती वाईट नाहीत, पण रूप समोर दिसल्यावर ओळखणं वेगळं आणि ते स्वतःहून आठवणं वेगळं. ॲपवर सगळं ओळखीचं वाटतं, आणि परीक्षेत कोरा कागद समोर आला की काही सुचत नाही. सुट्टीत ग्रीक विसरलं जातं त्यातही बहुतेक वेळा हाच क्रम दिसतो : शब्द राहतात, रूपं जातात. सगळ्यात आधी धातुसाधितं आणि क्रियापदांची अनियमित मूळरूपं निसटतात.

पहिलंच वचन जवळून बघ. त्यात चार क्रियापदं ओळीने येतात : अकेकोआमेन, हेओराकामेन, एथेआसामेथा, एप्सेलाफेसान. पहिली दोन पर्फेक्ट, पुढची दोन आओरिस्ट. मराठी माणसाला हा फरक कळायला अवघड जाऊ नये. ‘आम्ही ऐकलं’ आणि ‘आम्ही ऐकलं आहे’ यांत जो फरक आपल्याला कानाने कळतो, तो इथे पुष्कळसा आहे. ‘ऐकलं आहे, पाहिलं आहे’, आणि त्याचा ठसा अजून आहे. मग ‘न्याहाळलं, हातांनी चाचपलं’, ती एकदा घडलेली घटना. शाळेत संस्कृत शिकली असशील तर आणखी सोपं जाईल. ‘अगच्छत्’मधल्या पुढच्या ‘अ’चं काम ग्रीकमध्ये ‘ए’ करतो. ‘चकार’, ‘जगाम’मध्ये अक्षर जसं दुणावतं तसं ‘अकेकोआमेन’मध्येही दुणावलं आहे. आणि ‘एथेआसामेथा’च्या शेवटचं ‘मेथा’ पाहून त्याला कर्मणी समजू नकोस. परीक्षेत इथे हमखास चूक होते. ते आपल्या आत्मनेपदासारखं आहे : रूप मध्यम प्रयोगाचं, अर्थ कर्तरी.

पाचव्या अध्यायाबद्दल एक सूचना. सातव्या-आठव्या वचनापाशी काही जुन्या भाषांतरांत स्वर्गातल्या तीन साक्षींचा मजकूर जास्तीचा दिसतो. तो अगदी उशिराची मोजकी हस्तलिखितं सोडता ग्रीक हस्तलिखितांत नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरास्मस या विद्वानाने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत तो घेतला नव्हता, १५२२ मध्ये घेतला. विषय फार सुंदर आहे आणि तुझ्यासारखी मुलगी त्यात तीन तास सहज रमेल. प्रवासात रमू नकोस. वहीत खूण कर आणि पुढचं वचन घे.

हिब्रू : रोज पंधरा मिनिटं, फक्त वाचन

हिब्रूचं व्याकरण एकटीने सुरू करू नकोस, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. स्वतः शिकणाऱ्याच्या दोन-चार चुका जिभेवर पक्क्या बसतात आणि मग वर्गात आधी त्या मोडण्यात वेळ जातो. एकच उदाहरण देतो. ‘शहाणपण’ या अर्थाचा शब्द खोख्मा. त्यात दोन ठिकाणी स्वराची हुबेहूब तीच खूण आहे, अक्षराखालचं छोटं ‘टी’सारखं चिन्ह. पहिल्या ठिकाणी ते ‘ओ’ वाचायचं, दुसऱ्या ठिकाणी ‘आ’. असं का, ते शब्दाची अवयवांत (उच्चाराच्या तुकड्यांत) फोड करता आल्याशिवाय समजत नाही, आणि ती फोड शिक्षकाने फळ्यावर दाखवली की दहा मिनिटांत समजते.

लिपी मात्र आत्ता शिकून घे, त्याने पुढच्या सत्राचे पहिले तीन आठवडे हलके होतील. अक्षरं २२. रोज दोन, हाताने लिहून, उजवीकडून डावीकडे. अकरा दिवसांत होतील. मग दोन दिवस शब्दाच्या शेवटी रूप बदलणाऱ्या पाच अक्षरांना : कफ, मेम, नून, पे, त्सादे. स्वरांच्या खुणांना पाच दिवस. घोटाळा होतो तो जोड्यांमध्ये. बेथ आणि कफ, दालेथ आणि रेश, हे आणि खेथ, शेवटचा मेम आणि सामेख. या जोड्या शेजारी-शेजारी लिहून फरकावर लाल खूण कर. दालेथला मागे कोपरा असतो, रेश तिथे गोल वळतो. हे एकदा हाताला कळलं की डोळा चुकत नाही.

उरलेले दहा दिवस बायबलमधल्या योनाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मोठ्याने वाच. अर्थ आधीच माहीत असल्यामुळे शब्द ओळखीचे होत जातील. ‘याराद’, म्हणजे उतरणं, हे क्रियापद कानाने पकड : योना याफो बंदराला उतरतो, जहाजात उतरतो, जहाजाच्या तळाशी उतरतो आणि दुसऱ्या अध्यायातल्या प्रार्थनेत म्हणतो की मी पर्वतांच्या मुळांपर्यंत उतरलो. लेखक तोच शब्द मुद्दाम पुन्हा पुन्हा वापरतो. भाषांतरात हे निसटू शकतं. मूळ वाचण्याचा आनंद काय असतो, ते तुला पहिल्या महिन्यातच कळेल.

वचनांच्या आकड्यांनी गोंधळू नकोस. हिब्रूत योनाचा पहिला अध्याय १६ वचनांवर संपतो, आपल्या भाषांतरातलं १:१७ तिथे २:१ असतं. बऱ्याच स्तोत्रांत शीर्षकालाच पहिलं वचन धरलेलं असतं, म्हणून पुढचे आकडे एकाने सरकतात. योएलच्या पुस्तकाचे अध्याय तिथे चार आहेत (आपल्याकडे तीन) आणि मलाखीचे तीन (आपल्याकडे चार).

पुस्तकं : सहापैकी तीन

ग्रीकचे चौदा तास आणि हिब्रूचे सात वजा केल्यावर ६३ तास उरतात. ईश्वरविज्ञानाचा जड मजकूर समजून वाचायचा तर तासाला पंधरा पानं हा प्रामाणिक वेग आहे. म्हणजे साडेनऊशेच्या आसपास पानं, तीनशे पानांची तीन पुस्तकं. सहा होणार नाहीत. प्राध्यापकांनाही बहुतेक तशी अपेक्षा नसते. यादी द्यायची म्हणून ते पूर्ण देतात. त्यांना दोन ओळींची ईमेल पाठव : ‘सुट्टीत तीन पुस्तकं नीट वाचणं मला शक्य आहे. पहिल्या महिन्याच्या वर्गासाठी कोणती तीन आधी वाचू?’ उरलेल्या तीन पुस्तकांची प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण वाचून प्रत्येकी अर्धं पान टिपण ठेव. ते काम अभ्यासाचा दिवस न मोडता पावसाच्या एखाद्या संध्याकाळीही होतं.

वाचनाला सकाळचे सलग सवादोन तास दे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ही कल्पना नवी नाही. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी जे नियम लिहिले, त्यातल्या ४८ व्या प्रकरणात उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं दिलं आहे : ईस्टरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सकाळी आधी अंगमेहनत, मग सूर्योदयापासून मोजलेल्या साधारण चौथ्या तासापासून सहाव्या तासापर्यंत वाचन, जेवणानंतर आपापल्या बिछान्यावर शांत विश्रांती. ज्याला त्या वेळात वाचायचंच असेल त्याने वाचावं, पण दुसऱ्याला त्रास होऊ देऊ नये. उपवासकाळात प्रत्येकाला एकेक ग्रंथ द्यायचा आणि त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाचायचा, असंही तिथेच आहे. मठातल्या माणसालासुद्धा दिवसाकाठी वाचनाचे ठरलेले काही तास होते, दिवसभर नाही. दुपारी झोप आली तर तू काही चुकत नाहीस.

प्रकरण संपलं की पुस्तक मिटून चार ओळी लिही : लेखकाचा प्रश्न काय, त्याचं उत्तर काय, त्याचा सगळ्यात भक्कम आधार कोणता, आणि मला कुठे पटलं नाही. पुस्तक उघडं ठेवून काढलेली टिपणं बहुधा नक्कल होतात. चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर ते प्रकरण वाचून झालेलं नाही. पुढे जाण्याआधी त्याचा शेवटचा भाग पुन्हा बघ.

दोन संदेश

इथे तुझा वेळ वाचू शकतो. दोन्ही संदेशांचे उतारे योहानाच्या पहिल्या पत्रातूनच घे. पहिल्यासाठी १:१–४ आणि दुसऱ्यासाठी ४:७–१२ चांगले आहेत. व्याकरण झालेलं असेल, तयारीचे दोन दिवस अर्थावर आणि मांडणीवर लागतील. मंडळीत वाचनांचा क्रम ठरलेला असेल तर अर्थातच तो पाळ, पण तो आजच मागवून घे, आदल्या आठवड्यात नको.

पंधरा मिनिटांचा संदेश म्हणजे मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरून साधारण दीड हजार ते एकोणीसशे शब्द. पूर्ण लिहून काढ आणि घड्याळ लावून उभं राहून तीनदा मोठ्याने वाच. सेमिनरीतल्या मुलांच्या संदेशात नेहमीची चूक ही की वर्षभरात शिकलेलं सगळं एका संदेशात येतं. एक उतारा, एक मुद्दा, त्या मुद्द्याला धरून मंडळीच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी, इतकं पुरतं. आणि ‘मूळ ग्रीकमध्ये असं आहे की’ हे वाक्य उच्चारू नकोस. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की आपल्या हातातलं शास्त्र, म्हणजे बायबल, अपुरं आहे. पर्फेक्टचा अर्थ सांगायचा असेल तर सरळ सांग : ‘त्यांनी ते ऐकलं, आणि ते अजून त्यांच्या कानात आहे.’

तिसऱ्या रविवारची विचारणा होणारच. तेव्हा म्हण, ‘पाळकसाहेब, हे दोन रविवार मी आनंदाने घेते. तिसरा नीट तयारी करून देता येणार नाही, आणि तयारीशिवाय उभं राहायला मला आवडणार नाही. त्या दिवशी शास्त्रवाचन मात्र करते.’ एवढ्यावर कोणी रागावत नाही.

मित्र आणि प्रवास

प्रवासात पुस्तकं नेऊ नकोस. ग्रीक नवा करार, एक पातळ वही, दोन पेन्सिली, बस्स. सामानातलं न उघडलेलं जाड पुस्तक तीन आठवडे मनावर ओझं होऊन बसतं, आणि गेल्या वर्षी तुझं मन तिथेच अडकलं असणार. पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगून टाक : ‘सकाळी उठल्यावर अर्धा तास माझा. त्यानंतर मी पूर्ण तुमच्यात आहे.’ आधी सांगितलेला अर्धा तास कोणाला खुपत नाही. न सांगता गप्पांतून उठून गेलीस तर खुपतो. त्या अर्ध्या तासात ग्रीकच्या एका वचनाला दहा मिनिटं, उरलेली प्रार्थनेला. गाडीत बसून वाचू नकोस, वळणावळणाच्या रस्त्यावर मळमळ सुरू होते. वाटलं तर त्याच अध्यायाचं ध्वनिमुद्रण ऐक.

सेमिनरीबाहेरचे मित्र तुझ्याशी दोन प्रकारे वागतील. काही जरा जपून बोलू लागतील, काही रात्री उशिरा ‘देव आहे तर मग असं का होतं’ हा प्रश्न काढतील. दुसऱ्या प्रकारच्या वेळी वर्गातलं उत्तर लगेच देऊ नकोस. आधी विचार, ‘हे आत्ता का मनात आलं?’ बहुतेकदा त्यामागे कुणाचं आजारपण असतं, कुणाचा मृत्यू, मोडलेलं नातं. ते ऐकून झाल्यावर उत्तराची गरज पुष्कळदा राहत नाही. तू त्यांची पाळक नाहीस, मैत्रीण आहेस. सांगितलेलं कुठेही बोलायचं नाही, संदेशात नाव बदलूनसुद्धा वापरायचं नाही. एक अपवाद पक्का लक्षात ठेव. कोणी जीव द्यायची भाषा केली, किंवा एखाद्या लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर गुप्ततेचं वचन देऊ नकोस. जीव द्यायचा विचार आहे का, असं सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्या माणसाला एकटं सोडू नकोस आणि त्याच रात्री घरच्यांना, डॉक्टरांना किंवा तातडीच्या मदतीला कळव.

वाटेत तीन रविवार येतील. शक्य असेल तिथे तुझ्या परंपरेबाहेरच्या उपासनेला जा. प्रार्थनापद्धतींच्या अभ्यासाला याहून चांगलं साधन नाही. आत असताना लिहू नकोस. बाहेर आल्यावर दहा मिनिटांत पाच गोष्टी टिप : मध्यभागी काय होतं, मेज की व्यासपीठ. शास्त्र कोणी वाचलं. शांतता कधी आणि किती वेळ होती. लोक कधी उभे राहिले. संदेशाला एकूण वेळेपैकी किती भाग मिळाला. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळींत बाहेरच्यांना सहसा प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घेता येत नाही. पुढे जाऊन अवघडण्यापेक्षा जागेवर प्रार्थना करत बस. ऑर्थोडॉक्स उपासना दीड-दोन तास चालते आणि बराच वेळ उभं राहावं लागतं, हे सोबत येणाऱ्या मित्रांना आधी सांग. कोणाला यायचं नसेल तर आग्रह नको.

लग्नात मैत्रीण तुला ‘तूच लग्न लाव’ म्हणण्याची शक्यता आहे. पाळकपदाची दीक्षा झालेली नसताना ते बहुतेक मंडळींत चालत नाही, आणि कायद्याच्या नोंदणीचा प्रश्न वेगळाच. प्रेमाने नाही म्हण आणि शास्त्रवाचन किंवा एक प्रार्थना माग. प्रार्थना लिहून ने, दीड मिनिटापेक्षा मोठी नको, आणि दोघांची नावं वर ठळक अक्षरांत लिही; भरून आलेल्या क्षणी ओळखीचं नावसुद्धा जिभेवर येत नाही.

प्रार्थना

वचन उघडलं की व्याकरणच दिसतं, असं तू लिहिलंस. हे तुझ्याबरोबर शिकणाऱ्या पुष्कळांचं होतं आणि त्यातून तुझा विश्वास आटला असं सिद्ध होत नाही. ज्या पुस्तकावर गुण मिळतात त्याच पुस्तकासमोर मन उघडायचं, हे अवघड आहे. म्हणून दोन्ही जागा वेगळ्या कर. अभ्यासाची प्रत, टेबल आणि पेन्सिल वेगळी. प्रार्थनेसाठी लहानपणापासूनच्या भाषांतराची जुनी प्रत, हातात पेन्सिल नाही, बसायची जागाही दुसरी.

बायबलमधली स्तोत्रं घे. १५० स्तोत्रं, रोज पाच, तीस दिवसांत पूर्ण. आजच्या तारखेचं स्तोत्र आणि त्यात तीस-तीस मिळवत पुढची चार : ७ तारखेला ७, ३७, ६७, ९७, १२७. फक्त २९ तारखेला १७६ वचनांचं ११९ वं येतं. ते ३१ तारखेसाठी ठेव, आणि ज्या महिन्यात ३१ नसेल तेव्हा त्याचे भाग करून दोन-तीन दिवसांत वाच. पाचही झाली नाहीत तर एक वाच, पण मोठ्याने. रागाची, तक्रारीची स्तोत्रं गाळू नकोस. मन लागत नाही, हीच तक्रार घेऊन बसायला ८८ वं स्तोत्र आहे. ते अंधारातच संपतं आणि तरीही ती प्रार्थनाच आहे.

शेवटचा आठवडा

लग्नाला निघण्याआधी एक सराव परीक्षा दे. योहानाच्या शुभवर्तमानातला न वाचलेला दहा वचनांचा उतारा, साठ मिनिटं, शब्दकोश नाही. जिथे अडशील त्या रूपांची यादी एका कागदावर उतरव. लग्नाला जाताना तेवढा कागद बरोबर असू दे, पुस्तक नको, आणि तोही फक्त गाडीची वाट बघताना उघडायचा.

आणि तिकीट आज बघ. लग्न सत्राच्या तीन दिवस आधी आहे. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं काढ, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं नको. गाडीला उशीर झाला तरी एक पूर्ण रात्र झोपेची हाती राहील. मैत्रिणीलाही आत्ताच सांगून ठेव, म्हणजे निघताना कोणी थांबवणार नाही आणि असशील तितका वेळ तिच्या शेजारी बसता येईल.